काट्याचे दाते आखूड का? जिओ पोंटी यांच्या चांदीच्या काटा-चमच्यांतून उद्योजकाने काय शिकायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हातात एक काटा धरून बसलो होतो, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल की सर आज जेवायच्या वेळीच रेकॉर्डिंगला बसले की काय! विषय होता इटलीचे डिझायनर जिओ पोंटी आणि त्यांनी १९५०च्या दशकात घडवलेले काटे, चमचे, सुऱ्या. व्हिडिओत वेळेचं बंधन असतं, म्हणून घडण, खर्च आणि विक्री यांचा सगळा हिशोब इथे सविस्तर लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा.

पण पोंटींकडे जाण्याआधी माझी एक फजिती सांगतो.

माझे न उचलले जाणारे चमचे

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी स्टीलच्या चमच्यांचा गिफ्ट सेट काढला होता. सहा चमचे, मखमली अस्तराचं खोकं, वर सोनेरी फीत. दांडीवर सुंदर वेलबुट्टी. नवी डाय करून घेतली, तिचे पैसे आगाऊ भरले, माल आला, पहिली दीडशे खोकी हातोहात गेली. मी खूश.

मग एका मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "अहो, चमचे दिसायला फार छान आहेत हो. पण टेबलावर ठेवले की उचलताच येत नाहीत. नख घालून उचकटावे लागतात."

मी घरी जाऊन चमचा टेबलावर ठेवला आणि उचलायला गेलो. खरंच, बोट खाली शिरायला जागाच नव्हती! कारण दांडी मी एकदम सपाट करून घेतली होती. का? तर खोक्यात चमचे नीट बसावेत म्हणून. म्हणजे मी चमचा बनवला होता खोक्यासाठी. ज्या हाताने तो उचलायचा, त्या हाताचा विचार मी एकदाही केला नव्हता.

उरलेला माल पुढे मोडीत घातला. डायचे पैसे गेले ते गेलेच. पण त्या फोनने मला एक वाक्य दिलं, जे मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगतो: पैसे लावण्याआधी हात बघा. गिऱ्हाईक ती वस्तू कशी धरतं, कशी उचलतं, कुठला भाग वापरतं, कुठला भाग नुसताच मिरवतं, हे आधी बघा.

पुढे वाचताना कळलं की हेच काम जिओ पोंटी नावाच्या माणसाने माझ्या कितीतरी आधी, मिलान शहरात बसून, काटा-चमच्याच्या बाबतीत केलं होतं.

कोण होते हे पोंटी?

जिओ पोंटी यांचा जन्म १८९१चा, मिलानचा. १९२१ मध्ये तिथल्याच पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्ट होऊन बाहेर पडले. पण नुसत्या इमारती बांधत बसले नाहीत. १९२३ पासून त्यांनी रिचर्ड-जिनोरी या चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीचं कलादिग्दर्शन सांभाळलं. १९२८ मध्ये 'डोमुस' हे घर आणि डिझाइनवरचं मासिक सुरू केलं. १९४८ मध्ये ला पावोनी कंपनीच्या कॉफी मशीनला रूप दिलं. १९५०च्या दशकात मिलानची पिरेली टॉवर ही उंच इमारत आखली. ताट-वाटीपासून गगनचुंबी इमारतीपर्यंत सगळीकडे हात. १९७९ मध्ये मिलानमध्येच त्यांचं निधन झालं.

आपल्या कामाची एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. १९२५ मध्ये पॅरिसला एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. पोंटी तिथे रिचर्ड-जिनोरीची भांडी घेऊन गेले आणि पारितोषिक मिळवून आले. तिथेच त्यांची ओळख झाली टोनी बुइये यांच्याशी. हे बुइये म्हणजे क्रिस्तोफ्ल या चांदीच्या भांड्यांच्या जुन्या फ्रेंच कंपनीच्या घरातले. त्या ओळखीतून पोंटींना पॅरिसजवळ गार्श इथे बुइये यांचं घर बांधायचं काम मिळालं आणि क्रिस्तोफ्लसाठी चांदीच्या वस्तू आखायचंही. एका प्रदर्शनातली एक ओळख, आणि पुढे कितीतरी कामं! तुम्ही प्रदर्शनात स्टॉल लावता तेव्हा संध्याकाळी गल्ला मोजता ना? त्याबरोबर ओळखीही मोजा.

आधी हात बघितला, मग काटा आखला

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९५१ मध्ये पोंटींनी क्रुप इटालियाना या कंपनीसाठी काटा-चमचा-सुरीचा संच आखला. हा चांदीचा नव्हता, स्टेनलेस स्टीलचा होता. पण पुढच्या चांदीच्या संचाकडे जाताना विचारांची ही पायरी समजून घ्यायलाच हवी.

त्या काळची टेबलावरची सुरी डोळ्यांसमोर आणा. लांबलचक पातं, आणि काट्याला लांब दाते. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलेलं. का? तर आजोबांची सुरी तशीच होती म्हणून.

आता जेवणारा माणूस नीट बघा. सुरी चालते तेव्हा कापण्याचं काम पात्याचा पुढचा थोडासा भागच करतो. मागचा भाग नुसता सोबतीला असतो. काट्याचंही तेच. घास टोचायला दात्यांची टोकं लागतात. खोलवर भोसकायला ती काही शिकार नव्हे! आणि दाते आखूड झाले की त्यांच्या मागे थोडी सपाट, खोलगट जागा मिळते, तिच्यावर वाटाणे किंवा भात उचलता येतो.

पोंटींनी सरळ पातं आखूड केलं, दाते आखूड केले. दांडीला मात्र धरायला हवी तेवढी लांबी ठेवली. बघणाऱ्याला प्रथम विचित्र वाटतं, प्रमाण चुकल्यासारखं. पण हातात घेतलं की समजतं.

लक्षात घ्या मंडळी, इथे कुठलंही नवीन मशीन नाही, नवीन धातू नाही, पेटंट घेण्यासारखा शोध नाही. फक्त एक प्रश्न आहे: या वस्तूचा कुठला भाग खरंच काम करतो? हा प्रश्न फुकट आहे. तुम्ही डबे बनवा, पिशव्या बनवा, झाडू बनवा, मसाल्याची पाकिटं बनवा, सगळीकडे विचारता येतो.

पोंटींनी खुर्चीलाही हाच प्रश्न विचारला. इटलीच्या किनाऱ्यावर कियावारी नावाचं गाव आहे, तिथली हलकी लाकडी खुर्ची प्रसिद्ध. पोंटींनी तीच खुर्ची समोर ठेवली आणि वर्षानुवर्षं तिच्यातलं अनावश्यक लाकूड काढत गेले. कासिना कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेली त्यांची 'सुपरलेजेरा' खुर्ची भरते फक्त १.७ किलो. सगळं नव्याने शोधत बसायची गरज नसते. चालत आलेली वस्तू हातात घ्या आणि तिच्यातलं फुकटचं वजन काढा.

चांदीचा संच: 'द डायमंड'

आता चला अमेरिकेला. मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉन्टन नावाचं गाव आहे. तिथे १८२४ पासून चालत आलेला धातूच्या भांड्यांचा कारखाना होता, रीड अँड बार्टन. १९५०च्या दशकात या कंपनीपुढे एक अडचण उभी राहिली. चांदीचे काटे-चमचे म्हणजे वेलबुट्टी, गुलाब, शिंपले, असं सगळं आजीच्या काळातलं. आणि युद्धानंतर लग्न करणाऱ्या तरुण जोडप्यांना हवं होतं साधं, आधुनिक घर. बाजारात डेन्मार्क आणि स्वीडनचे सुबक डिझाइनचे स्टीलचे संच यायला लागले होते. चांदीवाल्यांनी करायचं काय?

रीड अँड बार्टनने डिझाइनवर पैसे लावले. १९५७ मध्ये जॉन प्रिप या कसबी चांदी-कारागिराला कारखान्यात बोलावून घेतलं आणि प्रयोग करायला मोकळीक दिली. आणि पोंटींच्या आखणीवर आधारलेला स्टर्लिंग चांदीचा संच १९५८ मध्ये बाजारात आणला. नाव: 'द डायमंड'.

नावाप्रमाणेच घाट. दांडीवर एकही फूल नाही, वेल नाही. हिऱ्यासारखे कोन आणि पैलू, बस. चांदी गुळगुळीत असली की ती आरशासारखी चमकते. पैलू पाडले की उजेड एका बाजूला चमकतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. म्हणजे नक्षीचं काम उजेडच करतो. पोंटींना हिऱ्याचा, स्फटिकाचा हा आकार फार प्रिय होता. पिरेली टॉवरचा नकाशा वरून बघितला तर तोही दोन्ही टोकांना निमुळता होत जातो. इमारत आणि चमचा, दोन्हीमागे एकच डोकं.

आज हा संच संग्रहालयांत आहे. डॅलसच्या कलासंग्रहालयात अमेरिकन आधुनिक चांदीचा मोठा संग्रह आहे, त्यात 'द डायमंड'ही आहे.

चांदीचा काटा बनतो कसा?

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न याच भागावर येतात, म्हणून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, धातू. स्टर्लिंग म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ भाग बहुधा तांबं. शुद्ध चांदी फार मऊ असते, काटा वाकेल. तांब्यामुळे तिला कणखरपणा येतो. ९२५ हा शिक्का तोच.

दुसरी, पत्र्यातून तुकडा कापणं. मग तो रुळांमधून काढून कुठे जाड, कुठे पातळ करतात. ही पायरी फार महत्त्वाची. दांडी जिथे दात्यांना किंवा वाटीला मिळते ती मान, तिथे सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे जाडी ठेवायची, वाटीकडे कमी करायची. स्वस्त चमचा मानेतच वाकतो, कारण त्याला सगळीकडे सारखाच पत्रा वापरलेला असतो. चांदी महाग, म्हणून ती हवी तिथेच जायला हवी.

तिसरी, आकार कापणं आणि दात्यांमधल्या फटी काढणं. चौथी, वरच्या आणि खालच्या पोलादी डायमध्ये ठोकून दांडीचा घाट आणि वाटीची खोली आणणं. पाचवी, कडा घासणं, दात्यांच्या आतल्या बाजू गुळगुळीत करणं आणि पॉलिश. नक्षीच्या दांडीवर बारीकसा ओरखडा लपून जातो. 'डायमंड'सारख्या साध्या दांडीवर लपायला जागाच नाही. म्हणजे साधं डिझाइन स्वस्त पडतं हा गैरसमज आहे. साध्या वस्तूला फिनिशिंग जास्त लागतं. कोटेशन देताना हे विसरू नका.

सुरीची गोष्ट वेगळी. पातं स्टेनलेस स्टीलचं असतं, कारण चांदीला धार टिकत नाही. दांडी मात्र पोकळ. दोन अर्धे भाग ठोकून घ्यायचे, ते डाख देऊन जोडायचे, आत भरण भरायचं आणि पात्याचा शेपटा त्यात बसवायचा. म्हणून जुन्या चांदीच्या सुऱ्या विकत घेताना अख्ख्या सुरीचं वजन करून चांदीचा भाव देऊ नका. त्यात चांदी थोडी, पोलाद आणि भरण जास्त. जुन्या मालाच्या धंद्यात नवखा माणूस इथेच फसतो.

आणखी एक सावधगिरी. सगळंच चांदीसारखं दिसणारं चांदीचं नसतं. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिलेले संचही खूप मिळतात. तो मिश्रधातू म्हणजेच आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर, त्याच्यात चांदी औषधालाही नसते! मुलामा हा धंदा म्हणून वाईट नाही, क्रिस्तोफ्लने त्यावरच नाव कमावलं. पण विकताना 'चांदीचा' आणि 'चांदीचा मुलामा दिलेला' यातला फरक बिलावर लिहा. एकदा विश्वास गेला की उजाळा देऊन परत येत नाही.

आता हिशोब

खालचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या दिवसाचा भाव आणि तुमच्या कारखानदाराचं कोटेशन घाला.

समजा शुद्ध चांदी १०० रुपये ग्रॅम. ५० ग्रॅमच्या स्टर्लिंग काट्यात ४६.२५ ग्रॅम चांदी, म्हणजे ४,६२५ रुपयांचा कच्चा माल. तोच काटा स्टीलचा, किलोला ३०० रुपये धरले तर कच्चा माल १५ रुपये. चांदीच्या धंद्यात तुमचे पैसे धातूत अडकतात, स्टीलच्या धंद्यात ते डाय आणि मजुरीत अडकतात. दोन्ही धंदे दिसायला सारखे, पण पैशाचं गणित एकदम वेगळं.

आता डाय. समजा एका नगाच्या डायला २ लाख. पाच नगांचा संच, म्हणजे १० लाख. १०० संच विकले तर प्रत्येक संचावर डायचा भार १०,००० रुपये. १,००० संच विकले तर १,००० रुपये. ५,००० संचांवर फक्त २०० रुपये. डाय तीच, खर्च तोच. फरक पडतो तो विक्रीच्या आकड्याने.

आणि साठा. समजा एका संचात २०० ग्रॅम स्टर्लिंग आहे, म्हणजे १८५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १८,५०० रुपये. १०० संच कपाटात पडून असतील तर १८ लाख ५० हजार रुपये कपाटात झोपलेत. भाव १० टक्क्यांनी उतरला तर १ लाख ८५ हजार गेले, आणि तुम्ही एक पैशाचीही चूक केलेली नाही! म्हणून चांदीत काम करणारे बरेच जण ऑर्डर पक्की झाल्यावर, आगाऊ रक्कम घेऊनच चांदी उचलतात. नवख्याने तर हा नियम मोडूच नये.

विकलं कसं? एकेक नग करून

आता एवढी महाग वस्तू तरुण जोडप्याला परवडायची कशी? इथे अमेरिकन व्यापाऱ्यांची युक्ती बघण्यासारखी आहे.

आपल्याकडे लग्नात काय होतं? एकाच लग्नात चार कुकर आणि अकरा भिंतीवरची घड्याळं येतात. आहेर देणाऱ्याला कळत नाही काय द्यावं आणि घेणाऱ्याला कळत नाही कुठे ठेवावं. अमेरिकेत लग्न ठरलं की मुलगी दुकानात जाऊन आपला चांदीचा पॅटर्न निवडायची आणि दुकानदार तिच्या नावाने यादी ठेवायचा. मग आत्या एक काटा द्यायची, शेजारी दोन चमचे, मामा अख्खा पाच नगांचा संच. जेवणाचा काटा, सॅलडचा काटा, सुरी, छोटा चमचा आणि मोठा चमचा, हा एका माणसाचा संच. सगळं एकाच पॅटर्नचं, म्हणून एकमेकांना शोभणारं. उरलेलं पुढच्या वाढदिवसांना.

यात तीन गोष्टी साधल्या. महाग वस्तूचे छोटे, परवडणारे तुकडे झाले. गिऱ्हाईक एकदा पॅटर्नमध्ये शिरलं की पुढची कित्येक वर्षं परत येत राहिलं. आणि एका नवरीमागे वीस माणसं दुकानात आली.

पण याची जबाबदारीही असते. पॅटर्न सुरू केला की तो वर्षानुवर्षं उपलब्ध ठेवावा लागतो. आज आठ चमचे घेतलेली बाई दहा वर्षांनी दोन मागेल. तुम्ही "मॅडम, ते आता बंद झालं" म्हणालात, तर तिचे पहिले आठही अपुरे वाटायला लागतात. तुम्ही एकाच डिझाइनचे डबे, कप किंवा बेडशीट विकणार असाल तर सुरुवातीलाच ठरवा: हा माल किती वर्षं देऊ शकेन?

आणि गंमत म्हणजे या अपुरेपणावरही एक मोठा धंदा उभा राहिला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९८१ मध्ये रिप्लेसमेंट्स नावाची कंपनी सुरू झाली. बंद पडलेल्या पॅटर्नची ताटं, कप, काटे, चमचे शोधायचे, साठवायचे आणि ज्याचा एक नग हरवलाय त्याला तो विकायचा. कुणाच्या तरी हरवलेल्या चमच्यावर दुसऱ्याची कंपनी! तुमच्या भागात लोकांचं काय नेहमी हरवतं, कशाचं झाकण फुटतं, कशाचा एकच सुटा भाग मिळत नाही? विचार करा.

एवढं चांगलं डिझाइन, मग धंदा का आटला?

मंडळी, इथे मी तुम्हाला गोड गोष्ट सांगून सोडणार नाही. कारण नुसतं 'डिझाइन चांगलं करा म्हणजे यश' असं सांगणं म्हणजे फसवणूक होईल.

'डायमंड' आला तेव्हाच जेवणाचं टेबल बदलायला लागलं होतं. घरकामाला माणसं कमी झाली, डिशवॉशर आले. चांदी काळी पडते, तिला वारंवार पुसावं लागतं. पोकळ दांडीच्या सुऱ्यांना डिशवॉशरची उष्णता सोसत नाही. पंगतीसारखी थाटाची जेवणं कमी झाली. आणि स्टीलच्या संचांत चांगलं डिझाइन यायला लागलं. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेन यांनी कोपनहेगनच्या एका हॉटेलसाठी १९५७ मध्ये आखलेला स्टीलचा संच आजही नावाजला जातो. 'आधुनिक दिसायचं तर चांदीच हवी' असं काही उरलं नाही.

मग आली १९८०ची जानेवारी. टेक्सासच्या हंट बंधूंनी प्रचंड प्रमाणावर चांदी खरेदी केली होती. १९७९च्या सुरुवातीला औंसाला सुमारे ६ डॉलर असलेला भाव १९८०च्या जानेवारीत ५० डॉलरच्या आसपास पोचला. लोकांनी कपाटातले काटे-चमचे काढले आणि रांगा लावून विकले. कितीतरी सुंदर संच भट्टीत गेले. नंतर भाव कोसळला, पण चांदीचा काटा ही रोजची वस्तू नाही, ती गुंतवणूक आहे, हे लोकांच्या मनात बसून गेलं.

रीड अँड बार्टनने २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जवळपास १९० वर्षांची कंपनी! तिचं नाव नंतर लेनॉक्स या कंपनीने विकत घेतलं.

तर मग पोंटींनी हात बघितला ते चुकलं का? मुळीच नाही. हात बघणं बरोबरच होतं. पण हाताबरोबर टेबलही बघावं लागतं. काटा हातात कसा बसतो हे डिझाइन. तो काटा ज्या घरात जातो तिथे तो धुणार कोण, ठेवणार कुठे, वर्षातून किती वेळा बाहेर निघणार, हा बाजार. पहिलं बघितलं तर वस्तू चांगली होते. दुसरं बघितलं तर धंदा टिकतो. माझ्या चमच्यांच्या वेळी मी दोन्ही बघितलं नव्हतं, म्हणून मला दीडशे खोक्यांतच कळलं. रीड अँड बार्टनला कळायला जास्त वर्षं मिळाली, एवढाच फरक.

"सर, हेच डिझाइन आपण काढलं तर?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. सरळ उत्तर देतो.

आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० आहे. त्याखाली नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण मिळतं आणि ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. त्यामुळे खूप जुना आकार नोंदणीच्या संरक्षणाबाहेर गेलेला असू शकतो. पण कंपनीचं नाव, पॅटर्नचं नाव, डिझायनरचं नाव वापरून माल विकणं ही वेगळी भानगड आहे, आणि तिच्यात पडू नका. काहीही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. त्यासाठी दिलेली फी डायपेक्षा स्वस्त पडते.

उलट बाजूने बघा. तुमचं स्वतःचं नवीन डिझाइन असेल तर ते आधी नोंदणीसाठी दाखल करा, मग इन्स्टाग्रामवर टाका. नोंदणीसाठी डिझाइन नवीन असावं लागतं, आणि तुम्हीच आधी जगाला दाखवलंत तर तो नवेपणा जातो. उत्साहात फोटो टाकला आणि हक्क गेला, अशी वेळ येऊ देऊ नका.

आणि खरं सांगू? पोंटींचा आकार उचलण्यापेक्षा पोंटींचा प्रश्न उचला. आकाराला मालक असू शकतो, प्रश्नाला नसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचं प्रॉडक्ट, किंवा तुम्ही बनवायचं ठरवलेलं प्रॉडक्ट, समोर ठेवा आणि हे करा:

१. पाच वेगवेगळ्या माणसांना ते वापरायला द्या. काही बोलू नका, फक्त त्यांचे हात बघा. एक आजी आणि एक लहान मूल त्यात असू द्या.

२. वस्तूचा कुठला भाग काम करतो आणि कुठला नुसता मिरवतो, ते दोन रकान्यांत लिहा.

३. डाय करण्याआधी नमुना बनवा. पुठ्ठा, लाकूड, मेण, काहीही चालेल. नमुन्यातली चूक शंभर रुपयांची, डायमधली चूक लाखाची.

४. डायचा खर्च १००, १,००० आणि ५,००० नगांवर वाटून बघा. १०० नगांवरच धंदा परवडत नसेल तर ५,०००चं स्वप्न बघून डाय करू नका. आधी डाय न लागणारी पद्धत शोधा.

५. वस्तू विकल्यानंतर सहा महिन्यांनी ती घरात कुठे असेल, हे पाच गिऱ्हाइकांना विचारा. "माळ्यावर" असं उत्तर आलं तर परत पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करा.

तुमच्या वस्तूचा 'आखूड दाता' कुठला, म्हणजे तुम्ही कुठला भाग कमी करू शकता, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की लिहा. निवडक उत्तरांवर पुढच्या भागात बोलू.

आणि हो, त्या मावशींना मी नंतर सुधारलेले चमचे पाठवले. दांडीचं टोक जरा वर उचललेलं होतं, बोट सहज खाली जाईल एवढं. त्यांचा परत फोन आला नाही. आमच्या धंद्यात याला शाबासकी म्हणतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हात बघत राहा!